गुरुवारच्या बैठकीचे त्रेचाळीस शिक्के

सप्टेंबरातल्या त्या बुधवारी तोमोए हिगाकी दुपारच्या सुट्टीत वडिलांच्या दुकानात गेली ती त्यांना समजावायला. काय समजावायचं हे ठरलेलं होतं. वय एक्क्याऐंशी, ततामीच्या जाड चटया शिवणं आता पुरे झालं, मांडी घालून बसणं गुडघ्यांना मानवत नाही, वगैरे. ती दर बुधवारी समजावत असे आणि शिगेमासा हिगाकी दर बुधवारी समजून घेत असत. समजून घेताना हातातलं दाभण मात्र थांबत नसे.

"आज किती झाल्या, बाबा?"

"दोन."

"कालही दोनच."

"उद्याही दोनच. उद्या गुरुवार, लोक येतील बसायला. आधी बसणार, मग दोन."

"तुमच्या वयाला एक पुष्कळ झाली."

"बसलं की नको ती कामं आपसूक गळतात," शिगेमासा कोपराने टाका दाबत म्हणाले. "उरतात त्या दोन चटया. त्यांचे कसले कष्ट?"

तोमोएने घड्याळ पाहिलं. हिकोनेच्या नगरपालिकेत आरोग्य विभागात ती उपप्रमुख होती, आणि अतिश्रम निवारण हा विषय तिच्याकडे होता. लोकांनी मर मर काम करून आजारी पडू नये यासाठी पत्रकं काढणं, तक्ते भरणं, व्याख्यानं ठेवणं आणि व्याख्यानाला कोणी आलं नाही तर स्वतः जाऊन पहिल्या रांगेत बसणं, ही तिची कामं. या विषयापायी तिने तीन वर्षांत एकही पूर्ण रजा घेतली नव्हती. त्या दिवशीही दुपारी दीडपासून 'बैठकांचा कालावधी कसा कमी करावा' या विषयावर साडेतीन तासांची बैठक होती.

"जेवलीस?" शिगेमासांनी विचारलं.

"जेवेन."

"फार जोरात चालतेस तू. दुकानात शिरलीस की चटयांचं लव्हाळं हलतं."

ती निघाली. दारापर्यंत पोचली तेव्हा मागून आवाज आला, "दार ओढून घे गं. मांजर शिरतं." तिने दार ओढून घेतलं. वडिलांचं हे आपल्याशी शेवटचं बोलणं आहे हे ठाऊक असतं तरी तिने दारच ओढलं असतं. त्या घरात भावना व्यक्त करायची तीच पद्धत होती.

गुरुवारच्या बैठकीची हकीगत अशी. शिगेमासा गेली चाळीस वर्षं कामाआधी पंचवीस मिनिटं भिंतीकडे तोंड करून स्वस्थ बसत. पुढे कधीतरी शेजारच्या कुझे आजी मुळा द्यायला आल्या आणि त्यांच्या मागे बसल्या. मग आळीच्या मंडळाचे अध्यक्ष नागामिने-सान आले. असे गुरुवारचे सात जण झाले. कोणी शिकवत नसे, घंटा नव्हती, गुरू नव्हता. शिगेमासा बसले की सगळ्यांनी बसायचं, शिगेमासा उठले की सगळ्यांनी उठायचं. चहा प्यायचा आणि आपापल्या कामाला लागायचं. इतका साधा कार्यक्रम बावीस वर्षं चालला, कारण त्याची नोंद कुठेही नव्हती.

त्या गुरुवारी सहा वाजता शिगेमासा बसले. सहा पंचवीस झाले. साडेसहा झाले. शिगेमासा उठले नाहीत.

नागामिने-सान हे निवृत्त स्टेशनमास्तर. अडतीस वर्षांत त्यांच्या फलाटावरून एकही गाडी मिनिटभर उशिरा सुटली नव्हती. त्यांनी त्या सकाळी एकोणीस वेळा घड्याळ पाहिलं. पण ज्यांच्या दुकानात बसलो त्यांच्या आधी उठायचं कसं? हिगाकी-सान आज फारच खोल गेलेत, असं त्यांनी ठरवलं. कोणाला वाटलं आपली परीक्षा आहे. कोणाला वाटलं शेजारचा उठेल मग उठू, आणि शेजाऱ्यालाही तेच वाटलं. सातजणांचे चौदा पाय बधिर झाले. साडेसातला शहाऐंशी वर्षांच्या कुझे आजी हळूच म्हणाल्या, "हिगाकी-सान, रागावू नका, पण मला जरा जाऊन यावं लागेल."

हिगाकी-सान रागावले नाहीत.

डॉक्टरांनी सांगितलं की बसल्यावर पहिल्या दहा मिनिटांतच हृदय थांबलं असावं. लगेच बोलावलं असतं तरी उपयोग नव्हता. त्यांनी हे तोमोएला तीनदा सांगितलं आणि प्रत्येक वेळी तिने त्यांचे आभार मानले.

अंत्यविधीला सातहीजण काळ्या कपड्यांत ओळीने तिच्यापुढे कमरेत वाकले. नागामिने-सान म्हणाले, "आमची मोठी चूक झाली." तोमोए म्हणाली, "छे छे, काही हरकत नाही. उलट तुमचीच सकाळ खोळंबली." 'काही हरकत नाही' हे वाक्य फार सोयीचं आहे. त्याच्यामागे माणूस काहीही दडवू शकतो. तोमोएने काय दडवलं होतं ते तिचं तिलाही नीट दिसत नव्हतं. राग असावा असा तिचा अंदाज होता. त्या सात जणांना काहीतरी बोलायचं होतं, आणि बोलल्याशिवाय आपण धड झोपणार नाही, एवढं तिला कळत होतं. पण तोंड उघडलं की 'काही हरकत नाही' बाहेर पडे.

सातजणांचीही पंचाईत तीच. समोर तोमोए दिसली की ते तिच्या बुटांकडे बघत. बोलायचं ते कोणी बोलेना, पण तिच्या दारात मुळे येऊन पडू लागले. मग पर्सिमनची फळं, मग रताळी, मग पुन्हा मुळे. ऑक्टोबरअखेर तिच्या एकटीच्या घरात अठरा मुळे होते. त्यांचं लोणचं घालावं तर वर दाबायला जड दगड हवा, आणि तो दुकानात होता, आणि दुकानाचं दार तिला उघडवत नव्हतं.

एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी झाले आणि दुसऱ्याच दिवशी नागामिने-सान आले. उंबऱ्याबाहेर उभं राहून, बुटांकडे बघत म्हणाले, "गुरुवार बंद पडलाय."

"हो."

"आम्ही म्हणत होतो, पुन्हा सुरू व्हावा. म्हणजे तुम्हांला जमत असेल तर. न जमल्यास अर्थातच. पण जमल्यास."

गुरुवार बंद पडला तर बाबा दुसऱ्यांदा जातील, असं तोमोएच्या मनात आलं. असली वाक्यं ती बोलून दाखवणाऱ्यांतली नव्हती. ती म्हणाली, "बघते."

आता हा प्रकार दुकानाचं कुलूप काढून, आठ आसनं टाकून भागला असता. पण तोमोए बावीस वर्षं नगरपालिकेत होती. तिने आधी सूचना लिहिली: गुरुवारची बैठक पुन्हा सुरू होत आहे, प्रत्येक घरातून एकाने सभासद व्हावे.

यानागी आळीत सूचना फिरते ती एका फाईलला अडकवून. ज्याच्या घरी फाईल येते त्याने वाचायचं, खाली आपल्या आडनावाचा छोटा शिक्का मारायचा आणि फाईल पुढच्या घरी पोचवायची. शिक्क्याचा अर्थ 'पाहिलं, आता तुम्ही बघा' एवढाच. कित्येक घरांत शिक्का दारातच टांगलेला असतो आणि वाचण्याची पायरी गाळली जाते. तोमोए याच आळीत जन्मली. हे तिला शेंबड्या वयापासून ठाऊक. पण ऑफिसात तिच्या टेबलावर शिक्का म्हणजे संमती. आणि सूचनेच्या शेवटी तिने ऑफिसातलंच वाक्य लिहिलं होतं: 'ज्यांची हरकत असेल त्यांनी कळवावे.'

फाईल परत आली तेव्हा खाली त्रेचाळीस लाल शिक्के होते. आळीत घरं त्रेचाळीसच. तोमोए शिक्क्यांकडे बघत राहिली. बाबांवर लोकांचं एवढं प्रेम होतं हे तिला माहीत नव्हतं. डोळे भरून आले, म्हणून तिने लगेच सभासदांची यादी केली आणि ती फाईलला लावून पुन्हा फिरवली.

आळीने यादी पाहिली आणि आळीची झोप उडाली. प्रत्येकाला आपलं नाव दिसलं, आणि शेजाऱ्याचंही दिसलं. शेजारी आपण होऊन नाव देतोय आणि आपण काढून कसं घ्यायचं? त्यातून मयताच्या मुलीचा उपक्रम. लोकांनी निमूटपणे दुसरा शिक्का मारला. यादीतले एक गृहस्थ सहा वर्षांपूर्वी वारले होते. त्यांच्या पत्नीने त्यांच्या वतीने मारला.

पहिल्या गुरुवारी पहाटे पावणेसहाला एक्केचाळीस माणसं दुकानापुढे उभी होती. दोन घरांनी येता येत नसल्याबद्दल कारणासह दिलगिरी आणि तांदळाच्या मिठायांची पेटी पाठवली होती. दुकानात माणसं मावतात नऊ. उरलेले बत्तीस रस्त्यावर उभ्याने स्वस्थ राहिले. दूधवाल्याला वाटलं पुन्हा कोणीतरी गेलं. त्याने टोपी काढली.

म्हणून आळीचं सभागृह घ्यावं लागलं. सभागृह नगरपालिकेचं, अर्ज तोमोएच्याच इमारतीत एक मजला खाली. खिडकीतल्या तरुण कारकुनाने अर्ज दोन बोटांनी धरला.

"प्रयोजनाच्या रकान्यात 'बसणे' लिहिलंय."

"हो."

"बसून काय करणार?"

"काही नाही."

"काही नाही करायला सभागृह देता येत नाही, मॅडम. तसा रकाना नाही. व्यायाम, संस्कृती, सभा, दुखवटा, यांतलं काहीतरी करा."

तोमोए दुखवट्यापाशी क्षणभर थांबली आणि संस्कृतीवर खूण केली. संस्कृती म्हटल्यावर प्रशिक्षकाचं नाव हवं. प्रशिक्षक वारले, असं तिने सांगितलं. मग वारसाचं नाव चालेल, असं कारकून म्हणाला. सभागृहात थंडीत रॉकेलची शेगडी पेटवायची तर अग्निप्रतिबंधक जबाबदार व्यक्ती लागते. त्यासाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण. तोमोएने तीन वर्षांतली पहिली रजा काढली ती आग विझवायला शिकण्यासाठी. दुसऱ्या दिवशी मैदानात लाल नळकांडं हातात धरून तिला 'आग, आग' असं पोटातून ओरडायला लावलं. तिचा आवाज उमटेना. प्रशिक्षक म्हणाले, "शेजाऱ्यांना त्रास होईल असं समजून ओरडताय तुम्ही. जळताय असं समजून ओरडा." तिला काठावर पास केलं.

सभागृहाच्या अंगणात साडेसहाला रेडिओवरची कवायत चाले. ही मंडळी आजोबा-पणजोबांपासूनची. त्यांचं म्हणणं, तुम्ही बसा, आमची ना नाही, पण ध्वनिक्षेपक सहा वीसला तपासावाच लागतो. त्यामुळे विसाव्या मिनिटाला, मनं शांतीच्या काठाला लागलेली असताना, खिडकीबाहेरून 'एक, दोन, एक, दोन, ऐकू येतंय का' असा आवाज येई. आत बसलेल्यांपैकी अठराजण कवायतीचेही सभासद होते. ते नकळत मान डोलावत.

सल्ले तर किती आले. आसन गव्हाच्या कोंड्याचं हवं, कापसाचं अजिबात नको. डोळे अर्धे मिटायचे. डोळे अर्धे उघडायचे. दोन्ही पक्ष एकाच रांगेत बसत आणि एकमेकांकडे त्या अर्ध्या डोळ्यांनी बघत. नागामिने-सानांनी वेळेचं खातं आपणहून घेतलं. पांढरे हातमोजे घालून ते दारात उभे राहत, घड्याळाकडे बोट दाखवत, "सहा वाजून शून्य मिनिटं, बरोबर," असं स्वतःलाच मोठ्याने सांगत, आणि मग सर्वांना, "बैठक सुरू होत आहे. कृपया पिवळ्या रेषेच्या मागे बसावे." पिवळी रेषा त्यांनीच आखली होती. हजेरीची पत्रकंही त्यांचीच कल्पना. गळ्यात दोरीने अडकवायचं पुठ्ठ्याचं पत्रक, दर गुरुवारी एक शिक्का, एकही गुरुवार न चुकवणाऱ्याला मार्चअखेर टॉवेल. बावीस वर्षं हजेरीशिवाय बसलेली माणसं आता शिक्क्यासाठी धावत येऊ लागली.

ही बातमी तोमोएच्या वरिष्ठांपर्यंत गेली. सेकिया साहेब हे नेमस्त, मृदू बोलणारे गृहस्थ. कामाचा डोंगर ते नेहमी दोन्ही हातांनी, अदबीने पुढे करत.

"हिगाकी-सान, शांत बसून न दमता काम करायचं, हे तर आपल्या विभागाचं ध्येयच की. याला आदर्श प्रकल्प करू. नाव मी सुचवतो. सहजकृती संवर्धन प्रकल्प."

"साहेब, ते घरगुती आहे."

"म्हणून तर. फक्त लक्ष्य ठेवायला हवं. नागरिकांच्या सहजकृतीत या आर्थिक वर्षात वाढ, समजा, बारा टक्के. फार ताण नको."

"सहजकृती मोजायची कशी?"

"ते तुमच्यावर सोडतो," सेकिया साहेब हसले. "सहजपणे करा."

तिने चौदा पानी आराखडा केला. प्रश्नावली केली. दरमहा सातव्या नमुन्यातला अहवाल, तीन प्रतींत. पहाटे साडेचारला उठायचं, शेगडी पेटवायची, त्रेचाळीस आसनं मांडायची, हजेरी, चहा, त्रेचाळीस आसनं उचलायची, पळत ऑफिस. बैठकीच्या वेळी ती दाराशी, नोंदवहीसमोर बसे. उशिरा येणाऱ्याच्या सपाता वाजल्या तर त्या सरळ कराव्या लागत. भिंतीकडे तोंड करून ती अजून एकदाही बसली नव्हती. सगळ्या आळीत सहजकृतीचा लाभ न मिळालेली ती एकटीच, आणि प्रकल्पप्रमुखाने आपल्याच प्रकल्पाचा फायदा घेणं बरं दिसत नाही अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

डिसेंबरात तिने नोंदवही शीतकपाटात ठेवली आणि टोफू ऑफिसला नेला. दातांच्या डॉक्टरांनी अजून हत्यार उचललंही नव्हतं तेव्हा ती "काही हरकत नाही" म्हणाली. एकदा लिफ्टमधल्या आरशातल्या बाईला, फार दमलेली दिसते बिचारी, असं मनात म्हणून तिने वाकून जागा करून दिली.

वडिलांच्या वयाच्या अर्ध्याहून थोडं अधिक तिचं वय, आणि वडील रोज दोन चटया शिवून संध्याकाळी शीळ घालत. हा हिशेब तिला दिसत नव्हता असं नाही. पण गुरुवार चालू होता ना. गुरुवार चालू असेपर्यंत तिला त्या सातजणांशी रोज बोलता येई: आसनांविषयी, शेगडीविषयी, टॉवेलाच्या रंगाविषयी. बोलायचं ते राहून जायला याहून चांगली व्यवस्था नव्हती.

जानेवारीच्या चौथ्या गुरुवारी नागामिने-सान तोंडावर मास्क, हातात हातमोजे आणि अंगात साडेअडतीस अंश सेल्सियस ताप घेऊन दारात उभे राहिले. आधीच्या प्रत्येक गुरुवारचा शिक्का त्यांच्या पत्रकावर होता. तोमोए म्हणाली, "तुम्ही घरी जा." ते म्हणाले, "काही हरकत नाही." या वाक्यापुढे आपलं काही चालत नाही हे तिला स्वतःवरून ठाऊक होतं. खिडक्या बंद, शेगडी पेटलेली, पंचवीस मिनिटं सर्वांचा दीर्घ श्वासोच्छ्वास. पुढच्या आठवड्यात सव्वीसजण अंथरुणात होते.

साथरोग कक्षाचं टेबल तोमोएच्या टेबलापासून तीन हातांवर. तिथल्या बाईंनी तिला समक्ष काही न सांगता रीतसर पत्र पाठवलं. यानागी आळीतील एका आरोग्य उपक्रमातून तापाची साथ पसरल्याचं निदर्शनास आलं असून सभागृह दोन आठवडे बंद ठेवावं. पत्र आवक-जावक कक्षातून फिरून तीन हातांचं अंतर चार दिवसांत कापून आलं. दरम्यान आणखी एक गुरुवार होऊन गेला होता.

सेकिया साहेबांनी तिला बोलावलं. "या महिन्याचं सहजकृतीचं प्रमाण काय दाखवायचं?"

"साहेब, त्रेचाळिसातले सव्वीसजण अंथरुणात पडून आहेत."

सेकिया साहेबांनी डोळे मिटून विचार केला. "पडून आहेत, म्हणजे विनासायास," ते म्हणाले. "साठ टक्के झाले. लक्ष्य पाचपट ओलांडलंत, हिगाकी-सान. मार्चमध्ये तुमचा सत्कार ठेवू, तिथे तुम्ही बोलायचं आहे हं. विषय, न दमता काम कसं करावं. चाळीस मिनिटं."

तोमोएने वाकून आभार मानले आणि प्रसाधनगृहात जाऊन उभी राहिली. रडू येईल असं वाटलं होतं. जांभई आली.

सभागृह बंद असलेल्या पहिल्या गुरुवारीही ती साडेचारला जागी झाली. मांडायला आसनं नव्हती. बाहेर बारीक बर्फ पडत होतं. करण्यासारखं काही नाही, ही गोष्ट इतकी नवी होती की ती कोट घालून घराबाहेर पडली आणि चालत राहिली, आणि पाय थांबले तेव्हा ती दुकानाच्या दारात होती. त्या पहिल्या गुरुवारनंतर किल्ली पिशवीतच होती.

आत लव्हाळ्याचा वास तसाच होता. एक चटई अर्धी शिवलेली, दाभण टाक्यातच रोवलेलं. ती कोट न काढता भिंतीसमोर बसली. बसायचं म्हणून नव्हे. उभं राहायचं त्राण नव्हतं.

थोड्या वेळाने दार सरकलं. कुझे आजी आत आल्या, डोक्यावरचा रुमाल झटकला, आणि नेहमीच्या जागी, तिच्या जरा मागे, बसल्या. तोमोएच्या डोक्यात आधी सातवा नमुना आला, मग रॉकेल किती उरलंय ते, मग अठरा मुळे. एकेक आलं आणि थोडा वेळ घुटमळून गेलं. तिने कशाला हाकललं नाही, कशाला धरलंही नाही. तेवढी ताकदच नव्हती. मग वळचणीवरून पाण्याचे थेंब पडतात ते ऐकू येऊ लागले. आणखी काही वेळाने ती तेवढंच ऐकत होती.

कधी संपवायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी आजींनीच खाकरून कुडत्याच्या आतून घडी घातलेला कागद काढला.

"तोमो-चान, तुझी ती प्रश्नावली. भरायची राहिलीय. चष्मा कुठे गेलाय देव जाणे. तू वाच, मी सांगते, तू लिही."

तोमोए वळून बसली. स्वतःचे प्रश्न मोठ्याने वाचायची तिच्यावर पहिल्यांदाच वेळ आली होती.

"प्रश्न पहिला. गेल्या आठवड्यात आपण किती कृती विनासायास केल्या? अ, शून्य ते तीन. ब, चार ते नऊ. क, दहा किंवा अधिक."

"श्वास घेणं धरायचं का?"

"सूचनेत नाही तसं."

"मग क."

"प्रश्न दुसरा. थकवा जाणवल्यास आपण कोणता उपाय करता?"

"झोपते. याला काय अ, ब, क असणार?"

"पाच पर्याय आहेत, आजी. झोप नाहीय त्यांत." तोमोएने कागदाकडे पाहिलं. "राहिली वाटतं माझ्याकडून."

"लिही बाजूला. पुढे."

"प्रश्न तिसरा. बैठकीला येण्याचं आपलं मुख्य कारण."

आजींनी रुमालाची घडी घातली. मग म्हणाल्या, "खरं सांगू? लिहिशील?"

"लिहीन."

"पूर्वी शिगे-सानांच्या पाठीकडे बघत बसायला बरं वाटायचं म्हणून यायचे. आता तुझ्यासाठी येते. आम्ही सगळे सातहीजण तुझ्यासाठीच येतो. तो नागामिने ताप घेऊन आला, तो काय टॉवेलासाठी? घरी बारा टॉवेल आहेत त्याच्या. तू आमच्यावर रागावली आहेस, आणि बोलत नाहीस. ओरडली असतीस तर एका दिवसात मोकळे झालो असतो गं. आता काय, तू आसनं मांडतेस आणि आम्ही येऊन बसतो. तू दमलीस, आम्हीही दमलो."

तोमोएच्या तोंडात ते वाक्य आलं. चार महिने वापरून गुळगुळीत झालेलं, जिभेच्या टोकावर तयार. तिने त्याची वाट पाहिली. ते बाहेर पडलं नाही. त्याच्या जागी दुसरंच काही येत होतं, आणि ते आणण्यासाठी तिला काहीच करावं लागत नव्हतं.

"रागावले होते," ती म्हणाली. "दीड तास तुम्हांला कळलं कसं नाही, म्हणून."

आजींनी मान खाली घातली.

"पण आजी, तो राग नव्हता." तिने पेन कागदावर ठेवलं. आवाज मोठा नव्हता, पण स्पष्ट होता. "तुमचा हेवा वाटतो मला. तुम्ही सातजण होतात तिथे. पाय बधिर होईपर्यंत कोणी हलला नाहीत. मी इतकी वर्षं दर बुधवारी आले, आणि दारात उभं राहून त्यांना समजावून गेले. मला त्यांच्याजवळ बसायचं होतं."